वॉरंटी संपली आणि इंजिन बसलं: पहिल्या मिनिटापासून गाडी परत रस्त्यावर येईपर्यंत काय काय करायचं

इंजिनने मोठं काम काढलं की बहुतेक लोकांचं नुकसान दोनदा होतं. एकदा इंजिन बिघडतं तेव्हा, आणि परत एकदा पुढच्या दोन-चार दिवसांत घाबरून घेतलेल्या निर्णयांमुळे. खरं सांगायचं तर हे दुसरं नुकसान बरेचदा पहिल्यापेक्षा मोठं असतं, कारण वॉरंटी संपलीये म्हटल्यावर आपण आधीच हार मानलेली असते, मेकॅनिक म्हणतो इंजिन गेलं, आपण म्हणतो टाका नवीन, आणि नक्की काय गेलं, का गेलं, पैसे दुसरं कोणी देऊ शकतं का हे कोणी विचारतच नाही. हा लेख पहिल्यांदाच या भानगडीत सापडलेल्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमाने दिल्यात आणि क्रम महत्त्वाचा आहे, विशेषतः इंजिन खोलायच्या आधीच्या पायऱ्यांचा.

१. इंजिन बंद करा आणि परत सेल्फ मारू नका

ऑइलचा लाल दिवा पेटला, टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला किंवा इंजिनच्या खालच्या बाजूने ठक ठक असा जड आवाज यायला लागला की "जवळच आहे, पोचतो हळूहळू" हा विचार करायचाच नाही. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ऑइलचं प्रेशर गेलं की क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि त्याच्या बेअरिंगच्या मधली तेलाची पातळ फिल्म जाते आणि धातूवर धातू घासायला लागतो, मग जे काम ऑइल पंप नाहीतर बेअरिंग शेलवर भागलं असतं तिथे क्रँक जातो, रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) जातो, कधी कधी रॉड तुटून ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यालाच भोक पाडतो. ओव्हरहीटचंही तेच, हल्लीचे हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि जास्त तापले की वाकतात, म्हणजे वेळेत थांबलात तर पाइप नाहीतर वॉटर पंप, आणि दामटत राहिलात तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील), हेड, सगळंच.

चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता पेटला असेल तर तेवढी घाई नसते, पण तो लुकलुकत असेल तर मोठा मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाहीये, न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या लाइनमध्ये जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून मारतं, आणि तो पार्ट स्वस्त नसतो.

गरम इंजिनचं रेडिएटर कॅप उघडू नका. सिस्टीममध्ये बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो, त्यामुळे आतलं कूलंट १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, कॅप फिरवली की दाब सुटतो आणि ते एका झटक्यात उकळून अंगावर येतं. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

सेल्फ का नाही मारायचा, तर दोन केसेस आहेत. एक, गाडी पाण्यातून गेली आणि बंद पडली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ न मारता स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल-फिल्टर बदलले तर बरीच इंजिनं वाचतात. दोन, टायमिंग बेल्ट किंवा चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा किंवा साखळी. चालता चालता इंजिन एकदम गप झालं आणि नंतर एकदा सेल्फ मारल्यावर ते नेहमीपेक्षा हलकं, गर्रकन फिरतंय असं वाटलं तर तिथेच थांबा. बऱ्याच इंजिनांमध्ये टायमिंग सुटलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि प्रत्येक सेल्फबरोबर अजून दोन-चार व्हॉल्व्ह वाकायची शक्यता. धक्का मारून चालू करणं तर दोन्ही केसमध्ये अजिबात नाही.

टो येईपर्यंत रिकामा वेळ असतो तेव्हा एक काम करा, मोबाइलवर डॅशबोर्डचे दिवे, किलोमीटर आणि खाली काही गळत असेल तर त्याचे फोटो काढा, आवाज आला तेव्हाचा व्हिडिओ सोबतच्या कोणी काढला असेल तर तो जपून ठेवा (नसेल तर नसू द्या, त्यासाठी इंजिन परत चालू करू नका), आणि आधी काय झालं, मग काय झालं हे ताजं असताना दोन-चार ओळींत लिहून ठेवा. पुढे कंपनीशी, इन्शुरन्सशी, गॅरेजशी बोलताना याच ओळी कामाला येतात.

२. गाडी टोने न्या, पण कुठे न्यायची ते आधी ठरवा

शक्यतो फ्लॅटबेड मागवा, चारही चाकं वर. ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्या चाकांवर ओढल्या तर गिअरबॉक्सचं नवीन दुखणं मागे लागू शकतं.

टोवाला जिथे नेईल तिथे गाडी गेली आणि तिथेच खोलली गेली हे फार कॉमन आहे. एकदा इंजिनचे पार्ट टेबलावर पसरले की गाडी तिथून हलवणं अवघड होऊन बसतं, म्हणून पहिल्याच दिवशी एवढं तरी स्पष्ट करा की आत्ता फक्त तपासणी करायची आहे, मला विचारल्याशिवाय काही खोलायचं नाही, तपासणीचे किती घेणार आणि गाडी उभी ठेवण्याचे पैसे लागतात का. हे मेसेजवर लिहून पाठवा, तोंडी बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

३. नक्की काय गेलंय ते शोधा, इंजिन न खोलता

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त पैसे याच पायरीवर वाचतात.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघायचं. इंजिन फिरत नाही म्हणजे सीझच (आतून जाम) झालं असं नाही, बॅटरी, स्टार्टर मोटर, एसीचा कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर जाम होऊन बेल्ट अडकणं, अशी कितीतरी बाहेरची कारणं असतात. मेकॅनिकला सांगा की क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघ. आरामात दोन पूर्ण फेऱ्या फिरलं तर सीझ नाही. हळू फिरवायचं, मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही. आणि टायमिंग सुटल्याचा संशय असेल तर हे करायच्या आधी कव्हर काढून बेल्ट किंवा चेन बघायला सांगा, कारण हाताने जोर लावूनही व्हॉल्व्ह वाकू शकतात. ऑइलचा दिवा पेटतो पण आवाज काहीच नाही, अशा वेळी नुसता प्रेशरचा सेन्सर गेलेला असू शकतो, सेन्सर काढून तिथे साधा मेकॅनिकल गेज लावला की पाच मिनिटांत कळतं. एक जुना ठोकताळा आहे की गरम इंजिनला दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय प्रेशर हवं, पण खरा आकडा त्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला.

मग स्कॅनर. गाडी आल्या आल्या कोड वाचायचे, त्यांचा फोटो घ्यायचा, आणि मिटवायचे नाहीत. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाचा डेटा साठवलेला असतो, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती, टेम्परेचर किती, स्पीड किती. कोणी कोड मिटवले की तो पुरावाच जातो. पी०३०० ते पी०३१२ च्या आसपासचे कोड मिसफायरचे असतात, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाहीये, म्हणजे टायमिंगकडे बघा. पण कोड फक्त दिशा दाखवतो, नुसत्या कोडवरून इंजिन बदला सांगणाऱ्यापासून लांब राहा.

ऑइल बघा. डिपस्टिकवर दुधी, कॉफीच्या रंगाचं ऑइल म्हणजे कूलंट आत मिसळतंय, बहुतेक हेड गॅस्केट नाहीतर ऑइल कूलर. मात्र फक्त फिलर कॅपच्या आतल्या बाजूला थोडा पिवळट फेस असेल तर घाबरू नका, थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफेने असं होतं. ऑइलमध्ये चमकी दिसली तर बेअरिंग संशयात. ऑइल फिल्टर काढून कापायचा आणि आतली घडी उलगडून बघायची, फार सोपी आणि फार कमी वापरली जाणारी टेस्ट आहे ही, आणि ती करणारा मेकॅनिक बहुधा बाकीचंही काम नीट करतो असा माझा अनुभव.

इंजिन फिरत असेल आणि टायमिंग ठीक असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजायचं. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते २०० पीएसआय मिळतं, डिझेलला त्याच्या दुपटीहून जास्त, पण आकड्यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात कमी असलेला सिलिंडर सगळ्यात जास्तवाल्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर तिथे काहीतरी आहे. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत टेस्ट करतात, कॉम्प्रेशन वाढलं तर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट गेलेलं असण्याची दाट शक्यता.

याच्या पुढची टेस्ट म्हणजे लीक-डाउन. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. इंजिन न खोलता एवढी माहिती दुसऱ्या कुठल्याच टेस्टने मिळत नाही. त्याच्या जोडीला प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत बघतात, पिस्टनवर व्हॉल्व्हचे ठसे किंवा भिंतीवर उभे ओरखडे असतील तर सरळ दिसतात. फोटो मागून घ्या.

आणि आवाज. वरून येणारी हलकी टिकटिक बरेचदा व्हॉल्व्ह, टॅपेट, चेन टेन्शनर अशा गोष्टींची असते. खालून येणारी जड ठोक, जी रेस वाढवल्यावर वाढते आणि त्या सिलिंडरचा प्लग किंवा इंजेक्टर बंद केल्यावर कमी होते, ती रॉड बेअरिंगची. पहिल्याला कधी कधी थोडक्यात निभावतं, दुसऱ्याला चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून बेअरिंग बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. हे आवाज पण मेकॅनिकने एकदाच, काही सेकंद ऐकायचे, प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला चालू करून दाखवायचे नाहीत.

या सगळ्यानंतर हातात एक वाक्य आलं पाहिजे, उदाहरणार्थ "तीन नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धरत नाहीये" किंवा "रॉड बेअरिंग गेलंय, फिल्टरमध्ये धातू आहे". असं वाक्य मिळत नसेल तर तपासणी संपलेली नाही. काम मोठं असेल तर दुसऱ्या गॅरेजचं मत घ्या, आणि त्याला पहिल्याचं निदान आधी सांगू नका.

४. खोलायच्या आधी: दुसरं कोणी पैसे देऊ शकतं का

वॉरंटी संपली म्हणजे सगळे दरवाजे बंद झाले असं नसतं, पण बरेचसे दरवाजे इंजिन खोललं की बंद होतात, म्हणून ही पायरी इथे.

आधी वॉरंटी खरंच संपलीये का बघा. पूर्ण गाडीची वॉरंटी वेगळी आणि इंजिन-गिअरबॉक्सची वेगळी असू शकते, आणि ही दुसरी बरेचदा जास्त वर्षांची असते. मुदत पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही सेकंडहँड घेतली त्या तारखेपासून नाही. घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी विकत घेतली होती का, जुन्या मालकाने घेतलेली तुमच्या नावावर होते का, ज्या डीलरकडून सेकंडहँड घेतली त्याची स्वतःची वॉरंटी होती का, कागद काढून बघा.

नंतर गाडीचा चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला दोघांना विचारा की या नंबरवर एखादा रिकॉल, सर्व्हिस कॅम्पेन किंवा वाढीव वॉरंटी चालू आहे का. हे पोकळ आशेवर नाही सांगत. ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत थिटा २ इंजिनांच्या रॉड बेअरिंगच्या प्रकरणात २०१९ मध्ये लाखो गाड्यांना त्या बिघाडापुरती आजीवन वॉरंटी दिली. स्टेलांटिसने (प्युजो, सिट्रोएनची मूळ कंपनी) युरोपात १.२ लिटर प्युअरटेक इंजिनच्या टायमिंग बेल्ट आणि ऑइल जास्त खाण्याच्या तक्रारींवर २०२४ मध्ये कव्हर १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवलं, अट अशी की सर्व्हिस वेळापत्रकाप्रमाणे झालेली हवी. टोयोटाने २०२४ मध्ये व्ही६ टर्बो इंजिनात कारखान्यातच धातूचे कण राहून गेल्यामुळे एक लाखाच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. म्हणजे तुमच्या इंजिनचं जे दुखणं आहे ते फक्त तुमचं नसेल तर कंपनीकडे त्याची फाइल आधीच असू शकते. या अशा योजना देशानुसार बदलतात, दुसऱ्या देशातली योजना तुमच्याकडे लागू होईलच असं नाही, पण तिकडे दिलीये हा मुद्दा तुमच्या पत्रात मांडायला काहीच हरकत नाही. टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन (एखाद्या दोषाबद्दल कंपनीने गॅरेजना दिलेली सूचना) निघालेलं असेल तर तेही नोंदवा, त्याने फुकट दुरुस्ती मिळत नाही पण दोष कंपनीला माहीत आहे एवढं तरी सिद्ध होतं.

यातलं काहीच नसेल तरी गुडविल, म्हणजे बंधन नसताना कंपनीने दिलेली मदत, मागा. वॉरंटी संपून थोडेच महिने किंवा थोडेच किलोमीटर झाले असतील, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असेल आणि बिघाड वापरामुळे होण्यासारखा नसेल तर कंपन्या बरेचदा काही हिस्सा उचलतात, कधी पार्टचे पैसे, कधी अर्धं बिल. हे कुठे लिहिलेलं नसतं आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आधी सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरशी बोला, कारण गुडविलची शिफारस बहुतेक तिथूनच वर जाते, त्याच्याशी भांडून काहीच हाती लागत नाही. मग लेखी अर्ज: चेसिस नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, काय झालं, निदान काय, सर्व्हिसची बिलं जोडलीत, आणि नेमकं काय हवंय. "न्याय द्या" लिहू नका, "इंजिन असेंब्लीच्या किमतीत हिस्सा द्यावा" असं लिहा. पहिला नकार आला तर एकदा वरच्या पातळीवर पाठवा. बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस केली असेल तर ऑइलचं ग्रेड आणि तारीख असलेली बिलं जोडा, नुसतं "वेळेवर केली" म्हणून चालत नाही.

इन्शुरन्स साधारणपणे झीज आणि मेकॅनिकल बिघाड कव्हर करत नाही. पण खालून दगड लागून चेंबर फुटलं आणि ऑइल गेलं, किंवा पाणी आत गेलं, ही केस अपघाताकडे झुकते, आणि इंजिनसाठी वेगळं कव्हर घेतलं असेल तर पॉलिसी नीट वाचा. क्लेम करायचा असेल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत बोल्टसुद्धा फिरवू द्यायचा नाही.

शेवटचा पण लोक विसरतात तो मुद्दा, नुकतंच कोणी काम केलं होतं का. ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत इंजिन बसलं तर ड्रेन प्लग सैल राहिला का, जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकलाच चिकटून त्यावर नवीन फिल्टर बसवला का, हे बघा. टायमिंग बेल्ट बदललेला असताना तुटला तर त्या कामाची आणि पार्टची स्वतःची गॅरंटी असते. फोटो घेतल्याशिवाय तो भाग हलवू देऊ नका.

५. का गेलं?

इंजिन खोलल्यावर गॅरेजकडून मोडका पार्ट दाखवला जातो आणि आपण मान हलवतो. खरा प्रश्न असा की तो का मोडला. बेअरिंग गेलं, ठीक आहे, पण ऑइल कमी होतं म्हणून, पंपाची जाळी गाळाने चोंदली म्हणून, की ऑइलमध्ये पेट्रोल किंवा कूलंट मिसळून ते खराब झालं म्हणून? काही नवीन इंजिनांमध्ये टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच बुडून फिरतो, चुकीचं ऑइल किंवा उशिरा बदललेलं ऑइल असेल तर बेल्टचा भुगा पडतो आणि तो भुगा जाऊन पंपाची जाळी बंद करतो, म्हणजे बिघाड दिसतो बेअरिंगला आणि मूळ असतं बेल्टला. हेड गॅस्केट गेलं तर रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यातलं काय बिघडलं होतं? पिस्टन वितळला तर इंजेक्टर कसे आहेत?

कारण न सापडता बसवलेलं दुसरं इंजिन त्याच कारणाने परत जातं, आणि मग भांडण कोणाची चूक यावर.

बेअरिंग गेलेल्या इंजिनात अजून एक गोष्ट. धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो आणि ऑइल कूलर, टर्बो, टर्बोची ऑइल लाइन, टेन्शनर यात बसलेला असतो. ऑइल कूलर आतून पूर्ण साफ होईल याची खात्री नसते, तो बदलायचाच. नवीन इंजिनला जुना कूलर लावला तर पहिल्याच फेरीत तो चुरा नव्या बेअरिंगमध्ये. एस्टिमेटमध्ये कूलरचं नाव नसेल तर विचारा.

६. पर्याय काय काय आहेत

फक्त वरचं काम, म्हणजे हेड उतरवून व्हॉल्व्ह, गॅस्केट वगैरे: खालची बाजू चांगली असेल तर हेच सगळ्यात शहाणपणाचं. हेड मशीन शॉपला पाठवून प्रेशर टेस्ट करून तडा बघायचा, सपाटी मोजायची, वाकलं असेल तर मर्यादेत घासायचं. नुसतं गॅस्केट बदलून हेड तसंच बसवणाऱ्याला नमस्कार करा. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, घट्ट करताना ते मुद्दाम ताणले जातात, त्यामुळे नवीन बोल्टची ओळ बिलात दिसायला हवी.

पूर्ण ओव्हरहॉल: बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग. करणारा माणूस आणि मशीन शॉप दोन्ही उत्तम असतील तरच. क्रँकची मापं, बोअरची मापं लिहून मागा, मापाचा कागद न देता "मस्त केलंय" म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवून चालत नाही. काही इंजिनांचे सिलिंडर खास कोटिंगचे असतात, ते साध्या पद्धतीने बोअर करता येत नाहीत, मॅन्युअल बघूनच.

हाफ इंजिन: कंपनीकडून ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडलेले येतात, हेड तुमचं जुनं. खालचं गेलंय आणि हेड धड आहे तेव्हा चांगला मधला रस्ता.

कारखान्यातून परत बनवलेलं पूर्ण इंजिन: वॉरंटीसकट मिळतं, जुनं इंजिन परत द्यावं लागतं आणि त्याचं डिपॉझिट घेतात. ब्लॉकला भोक असेल तर डिपॉझिट परत मिळेलच असं नाही, आधी विचारून ठेवा.

वापरलेलं इंजिन: स्वस्त, पटकन, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच. मॉडेल आणि वर्ष सारखं असून चालत नाही, इंजिन कोड जुळायला हवा, कारण त्याच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्यात सेन्सर, टर्बो, वायरिंग बदललेलं असतं. ज्या गाडीतून काढलं तिचा चेसिस नंबर, किलोमीटरचा पुरावा, कॉम्प्रेशनचे आकडे मागा. आणि ज्या इंजिनाचा मुळातच डिझाइनचा दोष आहे त्याचंच वापरलेलं इंजिन आणताय का हा विचार करा, तोच आजार तुम्ही परत विकत घेताय. बसवायच्या आधी, ते बाहेर असतानाच, टायमिंग किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचे पुढचे-मागचे सील, प्लग बदलून टाका, मॅन्युअल गाडी असेल तर क्लच पण, कारण नंतर तेच करायला परत गिअरबॉक्स उतरवावा लागेल. विक्रेत्याची गॅरंटी नीट वाचा, बहुतेक जण इंजिन बदलून देतात पण काढण्या-घालण्याची मजुरी देत नाहीत.

गाडी आहे तशी विकणं हाही पर्यायच आहे, आणि लाज वाटायचं काही कारण नाही. फक्त काय बिघडलंय ते निदानाच्या कागदासकट सांगून विका.

७. हिशोब

कागदावर तीन आकडे लिहा. गाडी चालू असती तर आज किती आली असती, बंद अवस्थेत आत्ता किती येतील, आणि दुरुस्तीचा पूर्ण खर्च. पहिल्या दोनमधला फरक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर डोळे झाकून करा. कमी असेल तर लगेच नाही म्हणू नका, कारण त्या पैशात बाजारात जी गाडी मिळेल तिचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो आणि तुमच्या गाडीचा माहीत असतो. गंज नाही, गिअरबॉक्स चांगला, सस्पेन्शन नुकतंच केलंय अशी गाडी असेल आणि अजून काही वर्षं ठेवायची असेल तर थोडा तोटा सोसूनही इंजिन करणं परवडतं. उलट गिअरबॉक्स पण कुरकुर करतोय, खालून पत्रा गेलाय, तर इंजिन कितीही स्वस्तात मिळालं तरी सोडा. मागच्या वर्षी टायर टाकले, एसी केला, तो खर्च या हिशोबात आणायचा नाही, तो झाला तो झाला. कर्ज चालू असेल तर गाडी विकूनही हप्ते राहतील का हे बँकेला आधी विचारा.

८. काम देताना

एस्टिमेट लेखी, आणि त्यात पार्ट, मजुरी, मशीन शॉप, ऑइल-कूलंट, गॅस्केट किट, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कोडिंग लागत असेल तर ते, टॅक्स, सगळं वेगवेगळं. खर्च ठरल्यापेक्षा वाढला तर किती वाढेपर्यंत विचारायचं नाही आणि कधी फोन करायचाच, ही मर्यादा लिहा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका, पार्टपुरते द्या आणि पार्टचं बिल तुमच्या नावाने घ्या. जुने पार्ट परत मागा (डिपॉझिटवाला सोडून). वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर, पार्ट आणि मजुरी दोन्ही का, आणि कोणती सर्व्हिस चुकली तर ती रद्द होते, हे बिलावरच लिहून घ्या. इंजिन बदललं तर नंबर बदलतो, गाडीच्या कागदपत्रांवर इंजिन नंबर असेल तर तो अपडेट करून घ्यायचा, नाहीतर विकताना किंवा क्लेमच्या वेळी अडकाल. इन्शुरन्सला पण कळवा.

९. गाडी परत मिळाल्यावर

घेताना इंजिन गार असताना चालू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. मग पूर्ण गरम होऊन फॅन लागेपर्यंत थांबा, खाली वाकून गळती बघा, हीटर गरम हवा देतोय का बघा, कारण कूलिंग सिस्टीममध्ये हवा अडकली असेल तर हीटर थंड राहतो आणि काटा वरखाली होतो.

पहिले ८००-१००० किलोमीटर फुल रेस नाही, ओझं ओढायचं नाही, पण एकाच स्पीडला तासन् तास पण चालवायची नाही आणि उभी ठेवून चालू ठेवायची तर अजिबात नाही. नवीन रिंग बोअरला बसायला कमी-जास्त लोड लागतो. पहिले काही दिवस रोज सकाळी गार इंजिनवर ऑइल आणि कूलंटची लेव्हल बघा, कूलंट एकदा थोडं खाली गेलं तर हवा निघाली असेल, सारखं जात असेल तर गॅरेजला दाखवा.

इंजिन बांधलं असेल तर पहिलं ऑइल लवकर काढतात, बरेच जण ५०० ते १००० किलोमीटरला, गॅरेजने सांगितलेला आकडा पाळा आणि बिल ठेवा. तेव्हा तो फिल्टर कापून बघायला सांगा, स्वतः समोर उभे राहा. अगदी बारीक राखाडी भुकटी नवीन रिंगची असते, चालतं. पण नखाला टोचतील असे कण किंवा तांब्या-पितळेच्या रंगाचे चमकते तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी करा, फोटो काढा, आणि वॉरंटीची मुदत संपायची वाट न बघता त्याच दिवशी गॅरेजला लेखी कळवा.